चिमी आठ वर्षांची राहणार नाही

लिहून ठेवणार मी, गौराबाई बुधाजी भोईर, वय वर्षे बासष्ट, व्यवसाय पूर्वी शिक्षिका, नंतर व्याख्याने देणे व पुस्तके लिहिणे, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड (माझ्या तोंडात अजून कुलाबाच येतो), आज माझ्या घराच्या पडवीत बसून, कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि डोके ठिकाणावर असताना हा कागद करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी तपासताना विचारले, "बाई, आज वार कोणता?" मी वार सांगितला, आणि हृदयाच्या रोग्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर का नसावा हेही सांगितले. त्यांनी ताबडतोब सही केली.

माझे लग्न झालेले नाही. ते झाले नाही की मी केले नाही, हा प्रश्न लोकांनी चाळीस वर्षे चघळला आहे. मृत्युपत्रात त्याचे उत्तर देण्याची जरुरी नाही, असे वकील म्हणतात. त्यांचा सल्ला मी एवढ्याच बाबतीत मानला आहे. बाकी मजकूर माझा.

माझ्या मागे भांडण लागेल असे घरात काही नाही. भांडण लागेल ते चिमीवरून. चिमी ही माझ्या पाताळवाडीच्या पुस्तकांतली मुलगी. भाताच्या शेताच्या बांधावर खेकड्याने केलेल्या बिळातून ती खाली उतरते आणि पाताळवाडी नावाच्या गावात पोचते. तिथले गुराखी ढग चारायला नेतात आणि नांगोजी नावाचा खेकडा वेशीवर पहारा देतो. पहिल्या पुस्तकात चिमी आठ वर्षांची आहे, दहाव्यात सतरा वर्षांची. अकरावे पुस्तक लिहून सोळा वर्षे झाली. ते छापलेले नाही.

माझा भाचा कान्हा, म्हणजे माझा दिवंगत भाऊ नामा याचा एकुलता मुलगा, शिळफाट्याला छापखाना चालवतो. मुंबईच्या एका प्रकाशकाने त्याला कळवले आहे की पहिली चार पुस्तके रंगीत चित्रे घालून नव्याने काढू. अटी दोन. चारही पुस्तकांत चिमीचे वय आठच ठेवायचे, आणि पुढची सहा पुस्तके बाजारातून उठवायची. अकराव्याचे तर नावच नाही. कान्हाला हे पसंत आहे. मला नाही. मी कागद न करता गेले तर कायद्याने सगळे कान्हाकडे जाईल आणि चिमी कायमची आठ वर्षांची राहील. तसे होऊ नये यासाठी हा कागद आहे. घर, भांडी वगैरे गोष्टी त्याच्या ओघात येतात.

कलम १. दहिवलीचे घर कान्हाला द्यावे. ते त्याच्या बापाने मला बांधून दिले. मी शाळेत नोकरीला असताना उघड सभांतून बोलत असे. मराठी मुलखाचे एक राज्य व्हावे म्हणून जी चळवळ झाली तिच्या सभा होत्या त्या. वरच्या कचेरीतून विचारणा आली, "नोकरी हवी की व्यासपीठ?" मी एका ओळीत उत्तर पाठवले. नोकरी गेली, तिच्याबरोबर शाळेची खोलीही गेली. नामाने काही विचारले नाही. बैलगाडीतून चिरे आणले आणि भिंती उभ्या केल्या. म्हणून घर त्याच्या मुलाचे. मात्र पडवीत मी मुलांसाठी जे वाचनालय चालवते ते, एकही मूल येत असेल तोवर, कान्हाने हलवू नये. मुले चपला कुठेही काढतात. त्यावरून ओरडू नये.

कलम २. पोस्टात जे काही आहे त्यातून वाचनालयाची कौले शाकारावीत आणि मुलांची मासिके चालू ठेवावीत. माझ्या तेराव्यावर त्यातले काही खर्च करू नये. तेरावे करूच नये.

कलम ३. टिनचा भोंगा. हा शिळफाट्याच्या एका पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराने मला करून दिला. सभेच्या आयत्या वेळी लाउडस्पीकर बंद पडतो, किंवा पाडला जातो, हे मी लवकर शिकले. या भोंग्यातून मी खालापूरच्या बाजारात बोलले आहे, गिरणीच्या फाटकाशी बोलले आहे, माथेरानच्या हॉटेलांत राबणाऱ्या माणसांसाठी चिखलात उभी राहून बोलले आहे. भोंगा कळंबच्या अंबाबाईला, जिच्या खळ्यावर मी गोष्टी वाचल्या तिला, द्यावा असे मनात आले होते, पण तिला त्याची गरज नाही. तिच्या नातीला, सुंदराला द्यावा. ती आता अंगणवाडी चालवते. तिला लागेल.

कलम ४. जुने हिशेब.

माझ्या भाषणात लाउडस्पीकरची तार ज्यांनी तोडवली ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांना माफ केले. हयात असते तर केले नसते.

पुण्याच्या एका समीक्षकांनी सहाव्या पुस्तकावर लिहिले होते की "बाईंनी बालवाङ्मयात सभा भरवली आहे." त्या पुस्तकात पाताळवाडीचा कारभारी आवाजावर पट्टी बसवतो. जो मोठ्याने हसेल त्याने धान्य भरायचे. चिमी सगळ्या गावाला एकाच वेळी हसायला लावते. समीक्षकांना हे मुलांना झेपणारे नाही असे वाटले. त्यांना माझ्याकडची सहाव्या पुस्तकाची एक प्रत टपालाने पाठवावी. सोबत चिठ्ठी नको.

माझ्या शोकसभेत कोणीही पंधरा मिनिटांच्या वर बोलू नये. हा नियम मी स्वतः कधी पाळला नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांचे काय हाल होतात ते मला पक्के ठाऊक आहे. कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे की माझ्यानंतर माझी मते मवाळ करून सांगू नयेत.

कलम ५. आता चिमी. इथे थोडे मागे जावे लागेल, कारण पुढची वाटणी का अशी केली ते कान्हाला कळले पाहिजे. न्यायाधीशाला कळले नाही तरी चालेल.

नोकरी गेली त्या सुगीनंतर मी कळंबला अंबाबाईच्या खळ्यावर पहिली गोष्ट वाचली. भात झोडून, वारवून घरात गेले की खळे मोकळे होते. शेणाने सारवलेली जागा, कडेला पेंढा. शाळेत मला येऊ देत नव्हते, म्हणून मुले खळ्यावर आली. दिवसा गोष्ट सांगितली तर पोरांचा मामा वाट चुकतो असे आमच्याकडे मानतात. मी ऊन उतरल्यावर, पण उजेडातच वाचली. सगळ्यांचे मामा सुखरूप आहेत.

समोर बसलेल्यांत दोघे आठ वर्षांचे होते. एक कान्हा, दुसरी गोमा शेतकऱ्याची जनी. वाचून झाल्यावर जनीने विचारले, "बाई, चिमी पुढल्या साली किती वर्साची व्हईल?" मी म्हटले, "तुझ्याएवढी." तिथेच सगळे ठरले. दर सुगीनंतर एक नवे पुस्तक, आधी खळ्यावर वाचायचे, मग नामाच्या छापखान्यात छापायचे. पोरे वर्षाने मोठी, चिमी वर्षाने मोठी. पाताळवाडीत मात्र कोणाचेच वय वाढत नाही. ते फक्त चिमीचे वाढते, कारण ती वरून येते. पाचव्या पुस्तकात तिच्या लक्षात येते की ज्या नांगोजीकडे आपण मान वर करून पाहत होतो, तो आता आपल्या खांद्याला लागतो. हे वाचताना कान्हा हळूच उठून बापाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता. मी पाहिले होते.

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. खळ्यावर आलेल्याला आमच्याकडे परत पाठवत नाहीत. धान्याच्या दिवसांत येईल त्याच्या पदरात काहीतरी पडते, आणि गोष्टीच्या दिवसांतही तीच रीत लागू झाली. पहिल्या वर्षीची पोरे वाढत होती, पण दरवर्षी सहा-सात वर्षांची नवी पोरेही येऊन पुढे बसत होती. "तू लहान आहेस, घरी जा," असे खळ्यावर कोणी कोणाला म्हणू शकत नाही.

सातव्या पुस्तकात चांदवा मरतो. चांदवा हा माथेरानचा म्हातारा घोडा. माणसे वाहून थकला आणि एका सकाळी धुक्यात पाय टाकला तो थेट पाताळवाडीत उतरला. मुलांचा तो सगळ्यांत लाडका. मी वाचत होते. चांदव्याने मान टाकली. सुंदरा तेव्हा सहा वर्षांची होती. ती उठून उभी राहिली.

"बाई, उटवा त्याला."

"तो आता उठणार नाही, सुंदरा."

"तुमीच लिवलाय ना? मंग उटवा."

मोठमोठ्या सभा गाजवलेली मी हातातले पान उगाच उलटून पाहू लागले. तेवढ्यात अंबाबाई सूप टाकून पुढे आली.

"ओ मास्तरीणबाई! पोरांना रडवाया दिलं काय माजं खळं? मागं तो खेकडा नाचत व्हता, ते बरं व्हतं."

"अंबाबाई, खेकडा नाचत होता तेव्हा ही पोरं आठ-नऊ वर्षांची होती."

"मंग ही म्होरं बसलीत ती कोन? ही काय चाळिशीला आली?"

पोरे रडता रडता हसली. मी पुढे वाचले. सुंदराने दोन्ही कानांवर हात ठेवले, पण गेली नाही, आणि बोटे जरा फाकलेली होती.

गेला तो कान्हा. चौदा वर्षांचा होता. त्याच वर्षी श्रावणात नामा वारला होता. कान्हा पेंढ्यावरून उठला, विजारीला चिकटलेली काडी काडी झटकली, आणि मागे न पाहता शेताच्या बांधाने निघून गेला. त्यानंतर तो खळ्यावर आला नाही आणि त्याने पाताळवाडीचे एकही पुस्तक पुढे वाचले नाही.

लोक म्हणाले, बाईंनी घरात मरण झालेले असताना असे लिहायला नको होते. मी ते मरण झाले म्हणूनच लिहिले. घरात नामाचे नाव निघाले की माझी वहिनी इंदूबाई चुलीकडे तोंड करायची आणि कान्हा बाहेर जायचा. त्या मुलाशी त्याच्या बापाबद्दल बोलायची दुसरी वाट मला दिसली नाही. मी आजही तसेच लिहीन.

पुढच्या सुगीला सुंदरा सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

"बाई, यंदा कोन मरतंय?"

"कोणी नाही. यंदा चिमीचं लग्न ठरवतात."

"म्हंजी त्येच की," अंबाबाई मागून म्हणाली.

त्या पुस्तकात चिमी लग्न मोडते. नवव्यात ढग चारणारे गुराखी काम बंद करतात आणि वरच्या जगात पाऊस थांबतो. दहाव्यात चिमीला वरच्या गावातला एक मुलगा आवडतो, आणि त्याला बीळ दिसतच नाही. ती दाखवते तरी दिसत नाही. ही पुस्तके नामाच्या पश्चात इंदूबाईने छापली. तिला वाचता येत नव्हते. गडी अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि ती शाई व कागद सांभाळायची. इंदूबाई म्हणायची, "वन्सं, तुमी लिवता म्हंजी बरोबरच आसंल." एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकला नाही. तिची निळी इरकल मी तिच्या माघारी आठवणीसाठी ठेवली आहे, ती कान्हाच्या बायकोला द्यावी.

कान्हा अठरा वर्षांचा झाल्यावर छापखान्यात बसू लागला. मी अकरावे पुस्तक घेऊन गेले. त्याने ते उघडले नाही. "आत्या, ह्ये आपल्या मशिनीवर चढायचं नाय," एवढेच म्हणाला. दुसरीकडे छापायचे नाही हा माझा हट्ट, आणि छापायचे नाही हा त्याचा. दोघेही भोईर. सोळा वर्षे गेली.

कलम ६. कान्हाचे म्हणणे मी इथे त्याच्याच शब्दांत लिहिते. विरोधकाचे म्हणणे मोडून तोडून सांगणे हे हलक्या वक्त्याचे काम आहे. मुंबईची अट आल्यावर तो याच पडवीत बसून बोलला.

"आत्या, पोरगं धा वर्साचं झालं का पुस्तक टाकून चेंडू हुडकाया जातं. पन दरसाल नवी आठ वर्साची पोरं येतातच ना? तू त्यांच्यासाठी लिव. तुजी ती पयली पोरं मोठी झाली, गेली. त्यांच्यामागं चिमीला कशाला धाडतेस?"

"मग चिमीनं काय करावं?"

"तिनं आठाचंच ऱ्हावं. ती काय खरी हाय का? आन् मोटं करून तू तिला दिलंस काय? घोडा मारलास. गाव उपाशी ठेवलंस. पोरगा दिलास तर तो आंधळा."

"आंधळा नाही. त्याला दिसत नाही."

"त्येच ते."

पुढची पुस्तके त्याने वाचली नाहीत, पण छापखान्यात गडी जुळवताना मोठ्याने वाचत, ते त्याच्या कानांवर पडले होते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाचणाऱ्याबरोबर पुस्तकाला मोठे करायचे, हे एकदाच जमते. खळ्यावरची पोरे वर्षातून एक पुस्तक ऐकत होती, म्हणून त्यांचे वय आणि चिमीचे वय जुळले. आज माझ्या पडवीत येणारे आठ वर्षांचे मूल दहा पुस्तके एका सुटीत संपवते. वैशाखात खेकड्याबरोबर नाचते आणि मृग लागायच्या आत चांदव्याला मरताना पाहते. त्याला मध्ये वाढायला वर्षे मिळत नाहीत. हे मला मान्य आहे.

पण त्यावर उपाय म्हणजे पुढची पुस्तके पुरून टाकणे, हे मान्य नाही. माझी शाळा एकशिक्षकी होती. चार इयत्ता, एक खोली, एक फळा. मी चौथीला इतिहास शिकवत असले की पहिलीची पोरे पाटीवर गिरवता गिरवता ऐकत. त्यांना अर्धे कळत नसे, तरी कान तिकडे. पहिलीला बडबडगीत सुरू झाले की चौथीतले बाप्ये ओठांतल्या ओठांत म्हणत. कोणी कोणाला बाहेर काढत नसे. ज्याला जेवढे पेलेल तेवढे तो घेई. बाकीचे त्याच्यासाठी खोलीत थांबून राही. पुस्तकांच्या फळीचेही तसेच असावे. मुलाने सातवे उघडले, घाबरले, मिटले, आणि तीन वर्षांनी पुन्हा उघडले, तर ते तिथे असले पाहिजे.

आणि कान्हा, एक गोष्ट तुझ्या तोंडावर सांगते. आठ वर्षांच्या मुलांना काय खपते हे तू मला सांगू नकोस. तुला आठ वर्षांची चिमी हवी आहे, कारण तिच्या घरात अजून कोणी गेलेले नाही. त्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. पण सगळ्या मुलांची चिमी तुझ्या एकट्यासाठी थांबवून ठेवता येणार नाही.

कलम ७. जनी गोमा हिच्याबद्दल. जनी आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि कळंबच्या आसपासच्या वाड्यांतून पायी फिरते. अनेक वर्षांनी ती मागच्या दिवाळीत आली. चहा झाला. मी विचारले, "काय गं, पाताळवाडी आठवते का?" ती म्हणाली, "बाई, सतरापर्यंत चिमी बरोबर होती. मग तुम्ही पुस्तक काढलं नाही. लग्न झालं, पहिलं बाळ गेलं, ही नोकरी लागली. त्यापुढची मी एकटीच मोठी झाले."

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटले नव्हते. कपबश्या विसळता विसळता म्हटले. त्या दिवशी मी वकिलांना निरोप धाडला.

कलम ८. पाताळवाडीच्या छापलेल्या दहाही पुस्तकांचे सर्व हक्क जनी आणि कान्हा यांना मिळून देत आहे. दोघांच्या सहीशिवाय एकही पुस्तक विकता, बदलता किंवा बंद करता येणार नाही. दहा पुस्तके ही एक वस्तू समजावी. ज्याला पहिली चार हवीत त्याने पुढची सहाही छापावीत. चिमीचे वय कोणी बदलू नये. मुखपृष्ठावर "अमुक वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी" असे छापू नये. मुंबईच्या प्रकाशकांना हे चालणार असेल तर रंगीत चित्रे जरूर घालावीत. मला रंगांचे वावडे नाही. चालणार नसेल तर त्यांना नमस्कार कळवावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जनीने करावी. ती घाबरत नाही, आणि मोठ्याने बोलतही नाही. हे दोन्ही एका माणसात मी क्वचित पाहिले आहे.

कलम ९. अकरावे पुस्तक. हे माझ्या मृत्यूनंतर कान्हाला एकट्याला द्यावे. जनीला ऐकून आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहिते.

दहा पुस्तकांनी चिमी सतरा वर्षांची झाली आहे आणि कलम ८ मुळे ते आता कोणाला पुसता येणार नाही. अकराव्यात ती अठरा वर्षांची आहे. सुगी झाल्यावर ती बांधावर येते. बीळ जागेवर आहे, पण ती आत मावत नाही. पुढे काय होते ते इथे लिहीत नाही. मृत्युपत्रात गोष्टीचा शेवट फोडणे मला शोभणार नाही.

हे पुस्तक छापावे असा हुकूम मी करू शकते. वकील म्हणतात तशी अट घालता येते. पण हुकमाने छापलेले पुस्तक कान्हा गड्यांकडून जुळवून घेईल आणि पानाकडे न बघता मशिनीवर चढवील. म्हणून अट वेगळी घालते. अकराव्या पुस्तकाचे खिळे कान्हाने स्वतःच्या हाताने जुळवावेत. नामाने त्याला शिकवले होते तसे, खणातून एकेक खिळा उचलून. गडी लावू नये, बाहेर देऊ नये. जो हाताने जुळवतो त्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते, कानामात्रा वगळून पुढे जाता येत नाही. सोळा वर्षे न वाचलेले पुस्तक त्याने अशा रीतीने वाचावे. वेळेची मर्यादा नाही.

शेवटचे पान जुळवून झाल्यावर त्याला वाटले की हे पोरांच्या हाती जाऊ नये, तर त्याने खिळे सोडवून परत खणांत टाकावेत. त्याला कोणी जाब विचारू नये. जनीनेही नाही. मी जन्मभर लोकांना सांगत आले की आधी ऐका, मग विरोध करा. माझ्या घरच्या माणसाला तेवढा हक्क दिला पाहिजे.

हा कागद दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. अंबाबाईने विचारले, "मी खळ्यावर बोलले ते समदं लिवलंस?" मी म्हटले, समदं. ती म्हणाली, "आन् सूप टाकलं त्ये?" म्हटले, तेही. "मंग आन ती शाई."

लिहून ठेवणार:
(सही) गौराबाई बुधाजी भोईर

साक्षीदार:
१. अंबाबाई भिवाजी थोरवे, कळंब (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
२. वाल्मिक सोनू मसणे, शिंपी, माझे शेजारी, दहिवली (सही)

ठिकाण: दहिवली, तालुका कर्जत
दिनांक: २२ जानेवारी १९८४

पुरवणी

मी माणसाच्या माघारी बोलत नाही. म्हणून वरचा कागद दुसऱ्याच आठवड्यात शिळफाट्याला जाऊन कान्हाला त्याच्या छापखान्यात वाचून दाखवला. लग्नपत्रिकांचा हंगाम होता आणि मशीन चालू होती. त्याने ती बंद केली. कलम ५ मधले नामाचे मरण आले तेव्हा तो चिंधीने हाताची शाई पुसत राहिला. शाई निघून गेली तरी पुसत होता. कलम ८ वर त्याने मान हलवली, ती होकाराची की नाराजीची ते कळले नाही. कलम ९ संपल्यावर त्याने चिंधी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "मेल्यावर कशापायी? आत्या, तू गेल्यावर मी भांडू कुनाशी?"

मी पहिल्या प्रकरणाची पाने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि एसटीने परत आले.

काल तो दहिवलीला आला. त्या प्रकरणाचे ओले प्रूफ आणले होते. अक्षरे जागोजाग वाकडी आहेत, हात बसायला वेळ लागेल. समासात त्याने पेन्सिलीने दोन ठिकाणी फुल्या मारल्या आहेत. एका फुलीपाशी म्हणाला, "हितं ती रडत का नाय? कोनीबी रडलं आसतं." मी म्हटले, "तू रडला नव्हतास." तो म्हणाला, "म्हनून तर इचारतो." त्या ठिकाणी मी बदल करणार आहे. दुसऱ्या फुलीवर आमचे जमले नाही, आवाज चढले, शेजारचे वाल्मिक शिंपी मशीन थांबवून दारात आले.

पुस्तक छापणार की नाही, हे कान्हा बोललेला नाही. मी विचारलेले नाही. जाताना त्याने पुढची पाने मागून नेली.

त्यामुळे कलम ९ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी आज खोडले आहेत. बाकी कागद जसाच्या तसा कायम.

(सही) गौराबाई बुधाजी भोईर

साक्षीदार:
१. अंबाबाई भिवाजी थोरवे (निशाणी डाव्या हाताचा अंगठा)
२. वाल्मिक सोनू मसणे (सही)

ठिकाण: दहिवली
दिनांक: १८ मार्च १९८४